वाव

नऊ दिवस. त्यातले दोन बोटीतच जाणार.
उरलेल्या सातांत, एजंट म्हणतो, तीन बेटं बसतात,
चौथं घेतलंत तर एकही धड पाहून होणार नाही.

कुमुदने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या,
उरलेले दोन पंख्याखाली फडफडतात,
आणि पूर्वेकडची बेटं अधूनमधून
पश्चिमेकडच्या बेटांवर जाऊन पडतात.

छत्तीस वर्षं मी पोर्टाच्या ऑफिसात समुद्र गिरवला.
ट्रेसर. म्हणजे दुसऱ्यांनी मोजलेली खोली
तिसऱ्यांसाठी शाईत उतरवायची.
इथे चार वाव, इथे सहा,
इथे बुडालेलं गलबत, इथे खडक, सुकतीला उघडा.
किती बेटांचे काठ या बोटांखालून गेले,
पायांखालून एकही नाही.
घारापुरीलासुद्धा पाहुणे आले की कुमुदच जायची
त्यांना घेऊन. मला रजा नसायची,
किंवा असायची.

"इथे रात्री दहाला जनरेटर बंद करतात,"
ती वाचते, एखादं पक्वान्न वाढल्यासारखं.
वडाळ्याच्या या खिडकीत काळोख कधी पुरता आलाच नाही,
गोदीचे दिवे पडद्यातून गाळून आमच्या उशांवर.
"इथे एकच खानावळ. बाईला मासा मिळाला तर मासा,
नाहीतर नारळाचं काहीतरी."
"इथे पाहण्यासारखं काही नाही, असं लिहिलंय."
त्याच्याभोवती तिने पेन्सिलीने गोल काढला.

मला दीपगृहाचं हवंय.
ती खूण हजारदा तरी काढली असेन,
बघू तर खरं, एवढ्याशा ठिपक्याला
पायऱ्या किती असतात.
"तुमचे गुडघे," कुमुद म्हणाली. पुढे काही नाही.

निनादचा ठाण्याहून फोन. बाबा, स्पीडबोट करा,
पाचही होतील, मी पैसे टाकतो.
पाचही होतील. जशी बिलं होतात, लसी होतात.

मग का कोण जाणे, मी तिला ते सांगितलं.
एकदा माझ्या हातून एक बेट गेलं.
भराव पुढे सरकला होता, नवी आवृत्ती निघायची होती,
दारूवाला साहेब म्हणाले, काढून टाक.
ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पुसत नाही,
अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागते, श्वास धरून.
चहाच्या सुट्टीच्या आत झालं.
तेवढी जागा खरबरीत राहिली,
वरून नव्या रस्त्याची रेघ ओढली तर शाई फुटली तिथे,
केसाएवढी. साहेबांच्या लक्षात आली नाही.

"नाव काय होतं?"
नाव नव्हतं. नुसता आकडा होता, सुकतीला सात फूट.
"कोणी राहायचं?"
कोळी जाळी वाळवायचे म्हणे.
नकाशात जाळ्यांना खूण नसते.

ती उठली. मला वाटलं, दूध उतू जातंय.
पण ती टेबलावर ओणवी झाली,
आणि फडफडणारे ते दोन्ही कोपरे
दोन हातांनी दाबून धरले, पार टोकापर्यंत ताणून.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं,
पसरलेले दोन हात, बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत,
म्हणजे एक वाव.
लिहिताना ते कधी आठवलं नव्हतं.

एजंटचा फोन वाजला. तीन नावं सांगा, साहेब,
परवान्याचा फॉर्म आजच भरायचाय.
मी दीपगृहाचं सांगितलं.
काहीच नसलेलं सांगितलं. तो हसला, म्हणाला, नक्की?
आणि तिसरं?

कुमुदने मान हलवली, हात न उचलता.
तिसरं नको, मी म्हणालो.
तिथे कोणी विचारलं
तर त्या खानावळवाल्या बाईला निरोप ठेवा,
मासा मिळाला त्या दिवशी येऊ.

असा रकाना फॉर्ममध्ये नाही, म्हणाला तो.