अकरा एमबी जास्त

नारिनमध्ये थंडीत नळ गोठू नये म्हणून
रात्रभर तोटी थोडी सुटी ठेवतात.
त्या टिपटिपीत आम्ही चौघं बसलो होतो
आणि पहाटे दोनला इमेज तयार झाली: सातशे चौदा.
सीडीत मावतात सातशे तीन.

एमिलबेक म्हणाला, सोडा आता सीडीचा नाद.
डीव्हीडी काढू, चार जीबी, पसरा हवे तेवढे पाय.
नाहीतर आठ जीबीचा पेनड्राइव्ह, बोटाएवढा, खिशात जातो.
नाहीतर पन्नास एमबीचं नुसतं बी द्या हातात,
उरलेलं झाड ज्याचं त्यानं नेटवरून ओढून घ्यावं.

कुठलं नेट, इसाबेक म्हणाला.
तो घाटापलीकडे ट्रक नेतो:
पीठ, कोळसा, आणि सीटखाली आमच्या चकत्या.
अतबाशीच्या शाळेत चौदा यंत्रं आहेत,
कुणी परदेशातून दान केलेली, मूळ मालकाच्या नावाची चिठ्ठी अजून चिकटलेली.
यूएसबीला भोक आहे त्यांच्या,
पण तिथून हाक मारली तर उठत नाहीत.
पुढ्यात ताटली सरकवली तरच जाग येते.

"आणि पेनड्राइव्ह म्हणाल तर
मागच्या वर्षी सहा नेले होते.
दोन परत आले. एकात कुणाच्या तरी भाचीचं लग्न.
सीडीचं बरं असतं. लिहिलं की लिहिलं."

मग काढायला बसलो.

वॉलपेपर गेले, सगळे समुद्राचेच होते;
आमच्यापैकी समुद्र कुणी पाहिलाय?
जर्मन शब्दकोश गेला.
प्रिंटरचे ड्रायव्हर काढू का, मी विचारलं,
तर पेंगणारा इसाबेक दचकून उठला, कोणाला काढताय?
कितीतरी वेळ हसलो. तेवढ्यात चहा निवला.

बुद्धिबळाला हात लावू दिला नाही जिपारनं.
चारशे केबी, ती म्हणाली, आणि तिथल्या गणिताच्या मास्तरांची
सगळी संध्याकाळ.

फॉन्टवर मात्र भांडण झालं.
एमिलबेक म्हणे रशियन अक्षरं आहेत ना, पुरे.
पण आमची तीन अक्षरं त्यात नाहीत:
शेपटी असलेला न,
पोटातून आडवी रेघ गेलेला ओ,
आणि एका पायावर उभा राहिलेला उ.
माझ्या आईच्या नावात त्यातली दोन येतात.
ती नसली तर तिथे चौकोन उमटतात, रिकामे,
दप्तरात कागद हरवल्यावर कारकून दाखवतो तसे.
मी काही बोलले नाही. फक्त तिचं नाव टाइप केलं
आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

फॉन्ट राहिला.
अजून दोन एमबी जास्तच.

यंत्र सुरू होताना कोमुझ वाजतो ना, सहा सेकंद,
तो जिपारच्या वडिलांनी वाजवलाय,
स्वयंपाकघरात, फ्रिज बंद करून.
कच्चा, न दाबलेला आवाज, दोन पूर्णांक एक.
दाबून लहान करता येईल, मी म्हटलं.
तिनं करून ऐकला. तारा डब्यात पडल्यासारख्या.
एकदाच ऐकला,
आणि ओळ खोडली.

दर रविवारी ते फोनवर विचारतात,
"वाजतो का मी तिकडे?"
या रविवारीही ती हो म्हणाली.

सोमवारी चकत्या गेल्या.
गुरुवारी मास्तरांचा फोन, चेकसम जुळवायला.
एकेक अक्षर मोठ्यानं: सात, सी, शून्य, नऊ, नऊ, ई,
मागे पोरांचा गलका, मध्येच खिंडीतला वारा.
छत्तिसाव्या अक्षराला लाइन तुटली.
पुन्हा लावला. पुन्हा पहिल्यापासून सात, सी, शून्य.
तिसऱ्या वेळी ते म्हणाले, बाई, राहू द्या,
मी लावून बघतो सरळ.

थांबा, मी म्हटलं.
पण तिकडून ताटली आत जाण्याचा आवाज
आलाच.