एकोणीस नंबर

सेमिनरी हिल्सवरच्या सागाचं पान
भाद्रपदात डोळ्यासमोर धरलं
तर त्यातून पलीकडचा टीव्ही टॉवर दिसतो.
हिरवं सगळं अळीनं नेलेलं,
शिरा तेवढ्या ठेवलेल्या,
ताटाच्या कडेला काटे काढून ठेवावेत तशा.

माझं काम मोजायचं.
पानाखाली आलेखाचा कागद धरून
किती चौकोन उघडे पडले ते वहीत उतरवायचं.
सतरा नंबर: एकशे बारा.
अठरा: नव्वद.
वीस: एकशे चार.
आणि या सगळ्यांच्या मधोमध उभा एकोणीस:
अकरा.

पुन्हा मोजलं. अकराच.

रोपवाटिकेतल्या कौशल्याबाई उइके
काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"त्याले आधीच कळलं असन न जी."

पुस्तकात हेच आहे, फक्त लांबवलेलं.
कुरतडलेलं पान हवेत वास सोडतं,
शेजारचं झाड तो हुंगतं,
आणि अळी फांदी ओलांडून येईस्तोवर
आपल्या पानापानात तुरट भरून ठेवतं,
कच्चा हिरडा चावल्यासारखं
तोंड आवळून यावं इतकं.

नाल्याकाठच्या अर्जुनाची रीत निराळी.
पानाच्या मागं, देठाला लागून दोन बारीक गाठी,
त्यात थेंबाहून थोडं कमी गोड.
मुंग्या येतात, चाटतात,
आणि तेवढ्या रोजीवर
दिवसभर पानावर गस्त घालतात.

मी हे सांगितलं तर बाई हसल्या.
त्यांचं माहेर आरमोरीकडचं.
तिथं अर्जुनावर कोशाच्या अळ्या सोडतात,
पान खाऊ देतात, रेशीम होऊ देतात,
आणि पाखरांनी अळ्या टिपू नयेत म्हणून
झाडाखाली पोरं उभी करतात गलोल देऊन.
"सात वर्साची होती मी.
म्हंजे तवा मी अळीच्या बाजूनं होती न!"

दुपार. ऑक्टोबर अजून लांब,
पण ऊन त्याच्याआधीच येऊन बसलेलं.
आम्ही एकोणीसच्या सावलीत डबे उघडले,
सावली कसली, दोन हात रुंद पट्टा.

"मालक गेला तवा तेवीसची होती," त्या म्हणाल्या,
मी काही विचारलं नव्हतं.
"पयले मी लय गोड होती.
गोडाले सारेच येते.
दीर आला, कंत्राटदार आला,
जमिनीचा कागद घेऊन चुलतसासरा आला.
मंग म्या जिभेवर कडू आणलं.
एक दिवसात नाई. हळूहळू.
आता गल्लीतला कुत्राबी इचारून येते."

तेवढ्यात खरंच मुकादम आला,
रोपं कमी का, म्हणून.
बाईंनी त्याला जे ऐकवलं
ते माझ्या वहीत बसणार नाही.
तो गेला. वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं.

मग त्यांनी पदराला हात पुसला,
एकोणीसच्या खोडाला कवेत घेतलं,
दोन्ही हातांची बोटं पलीकडे सहज भेटली,
भेटून वर वीतभर उरली.
"पाहा. बारीक रायलं थे.
कडू करासाठी लागते, थे कुठून येते?
आंगातूनच न."

संध्याकाळी मी घेर मोजले.
सतरा, चाळणी झालेला: एक्याण्णव सेंटिमीटर.
एकोणीस, अख्ख्या पानांचा: अठ्ठावन्न.
शेऱ्याचा रकाना कोरा राहिला.

निघताना शेंड्याचं एक कोवळं पान
चुरगाळून पाहिलं,
हात लाल झाले.
फुटाळ्याच्या नळावर धुतले, घरी साबणानं धुतले.
रात्री भाकरी मोडतानाही
बोटांच्या पेरांत तो रंग होताच,
आणि डब्याच्या झाकणात
बाईंनी न सांगता ठेवलेला
गुळाचा खडा,
त्याला लागलेल्या दोन मुंग्यांसकट.