मिनिटाला बारा

छत्तीस तासांची ड्यूटी संपली की
जीपनीच्या बाकावर मी बूट अर्धे काढून बसते.
भाड्याची नाणी हातोहात पुढं जातात,
सुटे हातोहात मागं येतात,
तेवढ्यात माझा डोळा लागतो.
ला पाझचा बाजार आला की
कुणीतरी गुडघ्यावर टिचकी मारतं :
डॉक, उतरा.
कोट घडी करून पिशवीत असला
तरी वॉर्डचा वास कुठं लपतो.

खोलीत निळी फाइल आहे.
तिच्यात मी आहे, सहीशिक्क्यांसकट.
जन्मदाखल्यावर कारकुनानं
मागबानुआतलं एक अक्षर गिळलं होतं.
ते त्याच्या पोटातून परत काढायला
अकरा महिने लागले.
आईनं डुकरीण विकून माझं पहिलं वर्ष भरलं,
पिल्लं विकून दुसरं,
तिसऱ्यापासून मी विचारणं सोडलं.

थेल्मो गेला लीड्सला.
ईसीजी उलटा धरला तरी वाचायचा तो.
डॉक्टर झाल्यावर पुन्हा कॉलेजात गेला,
स्वतः शिकवलेल्या पोरींच्या शेजारी बसून
नर्सिंग शिकला, आणि गेला.
बर्फाचे फोटो पाठवतो.
परवा खाली लिहिलं होतं :
इथं श्वास यंत्रं घेतात. आपण नुसतं बघायचं.

आमच्याकडं यंत्र एक. ते तीन नंबरला.
पाच नंबरचे लोलो सिम्प्लिसियो
नातवाच्या हातानं श्वास घेतात.
एर्विक, वय सतरा, बास्केटबॉलचा बनियन.
रबरी फुगा त्याच्या हातात मीच दिला :
पाच सेकंदांनी एकदा दाबायचा.
घाई नको. मिनिटाला बारा.
तो पुटपुटत मोजायचा :
इसा, दुहा, तात्लो, आपात, लिमा.
लिमाला दाब.
दिवसा मावशी, रात्री तो.
तिसऱ्या रात्री मी त्याला कॉफी दिली.
ती त्यानं डाव्या हातानं प्यायली.

घरी हेडफोन. सरावाची टेप.
मँचेस्टरची एक बाई विचारते,
कुत्रा चालेल असं कॉटेज मिळेल का,
आठवड्याचं भाडं किती.
मी भाडं लिहिते, फोन नंबर लिहिते,
आडनाव तिनं सांगितलं तसं, अक्षर न् अक्षर.
तिच्या आडनावातलं कुणी काही गिळत नाही.

परीक्षा हॉटेलात होती. एसी इतका,
की आई म्हणाली असती, झाली तुझी तिकडची तयारी.
परीक्षक म्हातारा, नम्र :
तुम्ही कुणाला तरी काही शिकवलंत, त्याबद्दल बोला.
विचाराला एक मिनिट. बोलायला दोन.
मी चुलतबहिणीला पोहायला शिकवल्याचं सांगितलं.
पाठ केलेलं होतं. लाटांना चांगली विशेषणं होती.
टेबलाखाली माझी उजवी मूठ
उघडत होती, मिटत होती.

सोमवारी पाच नंबरवर
चादर घडी घालून ठेवलेली.
एर्विक जिन्यात बसला होता,
रिकामे हात मांडीवर, जणू कुणाचे तरी सांभाळायला दिलेले.
डॉक, म्हणाला,
पहाटे माझा जरा डोळा लागला होता.
त्यानं नाही ना झालं?

नाही, म्हटलं.
फुप्फुसांबद्दल बोलले, मूत्रपिंडांबद्दल बोलले,
वयाबद्दल बोलले. सगळं खरं होतं.
किती वेळ लागला होता डोळा,
ते मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
त्याच्या मावशीनं मला सुक्या माशांची पुडी दिली.
मी घेतली.

निकाल आला. पुरेसा आहे.
आईनं फोनवर शेजारणीला हाका मारल्या.
ऐकण्यात नऊपैकी साडेआठ.
अर्धा कुठं गेला, मला माहीत आहे :
चौथ्या भागात कुणी प्राध्यापक
वाळवंटातल्या पाण्यावर बोलत होता,
आणि माझं पेन लिमाला थांबलं.

उद्या फोटो काढायचाय.
मागं पांढरा पडदा हवा. हसायचं नाही.
केस मागं घ्या, म्हणाला फोटोवाला,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.