नावपट्टी

रिमाक नदीच्या अलीकडे, छावणीच्या भिंतीला लागून
माझं दुकान. दुकान म्हणजे काय,
एक पायमशीन, एक दिवा,
आणि धुकं आत येऊ नये म्हणून दाराला गोणपाट.
लिमाचं धुकं गोणपाटाला जुमानत नाही, ते सोडा.

चौतीस वर्षं मी दोनच कामं करते.
शिपायांच्या छातीवरच्या नावपट्ट्या,
हिरव्यावर काळा दोरा, डझनावारी, उधारीवरसुद्धा.
आणि राजवाड्याकडून मोटार आली, तर
राष्ट्राध्यक्षांचा पट्टा: लाल, पांढरा, लाल,
त्यावर जरीचं राजचिन्ह,
विकुन्या, सिंकोनाचं झाड, आणि नाणी सांडणारं शिंग.
नाण्यांना फार वेळ जातो.
एकेक नाणं सुटं दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो.

पूर्वी पाच वर्षांनी एकदा मोटार यायची.
आता ही मापांची वही बघा.
खांदा ते कंबर एकशे चार: हा तुरुंगात.
अठ्ठ्याण्णव: ह्याच्या मेहुण्याने पूल खाल्ला, सिमेंटसकट.
एकशे अकरा: ह्याने टीव्हीवर शपथ घेऊन सांगितलं,
टेपवरचा आवाज माझा नव्हे.
त्याचाच होता. माप देताना
तो माझ्यासमोर तासभर फोनवर बोलत होता.

गेल्या खेपेला मोटारीतला पोरगा म्हणाला,
मावशी, कमरेत जरा सैल ठेवाल का?
म्हणजे पुढच्यालाही चालेल.

रविवारी चौकात झेंडा चढतो.
मंत्री उतरले की लोक शिट्ट्या घालतात,
नाहीतर भाजलेला मका चावत दुसरीकडे बघतात.
मग तुकडी येते.
बूटपॉलिशवाला ओनोरियो टोपी काढतो.
फिदेलिना हातातलं वर्तमानपत्र,
ज्यात पहिल्या पानावर पूल आहे, उरलेल्या पानांवर मेहुणा,
घडी करून बुडाखाली घालते आणि मग
आठवण होऊन उठून उभी राहते.
पुरात ह्यांनीच दोर टाकले, ती म्हणते.
ह्यांनी काही खाल्लं नाही, ओनोरियो म्हणतो.
खायला मिळालं कुठे, मी म्हणते.
तो रागावतो. आठवडाभर बोलत नाही.

टाळ्या मीही वाजवते.
माझ्या जरा उशिरा पडतात, एवढंच.

आमचं गाव अयाकुचोच्या वर, ढगांत.
चौऱ्याऐंशी साली एका रात्री बूट आले.
साबिनो शेंगा सोलत बसला होता. एकोणीस वर्षांचा.
एका पायात चप्पल घालून गेला, दुसरी राहिली.
सकाळी आई तीच घेऊन छावणीच्या दारात.
अधिकारी चांगला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं.
म्हणाला, कोणी नेलं त्याचं नाव सांगा, आई,
मी आत्ता बोलावतो.

आई काय सांगणार?
तिला अक्षर येत नव्हतं, ही एक गोष्ट.
पण मला येत होतं, मी दाराआडून बघितलं होतं,
कुणाच्याच छातीवर काही लिहिलेलं नव्हतं.

काल एक नवा भरती झालेला आला.
एदिल्बेर्तो हुआमानी. कान मोठे, गणवेश त्याहून मोठा.
पुरातल्या दोरांना हाच लटकला असेल
किंवा ह्याचा चुलतभाऊ. मला तो आवडला.
घरी आई आहे, दोन मेंढ्या आहेत, सगळं सांगून झालं.
मग म्हणाला, पट्टी वेल्क्रोची करा, मावशी.
काढता येते. सगळे तशीच करतात.

वेल्क्रो संपलं, म्हटलं.

मग?

शिवून देते. पैसे नकोत.

दुहेरी टाका घातला, चारही कडांनी,
आतून गाठ, गाठीवर गाठ.
पात्याने उसवायला गेला तर कापड फाटेल, पट्टी निघणार नाही.
तो मान वाकवून स्वतःचं नाव उलटं वाचत उभा राहिला,
अक्षरं बरोबर आहेत का बघत. बरोबर होती.
थँक्यू म्हणून धुक्यात गेला.
कोपऱ्यापर्यंत मला पाठ दिसली.

वेल्क्रोचं अख्खं रीळ
माझ्या पायाशी, मशीनखाली होतं.