म ते र

चेऊलकरांनी पहिली वही घेतली ती किराणा दुकानाची,
लाल कापडी बांधणीची, उभी, लांबट,
जमा आणि नावे असे दोन रकाने छापलेली.
'नावे' त्यांना बरं वाटलं.
त्याखाली लिहिलं: ट्रे पाडणारा वेटर.
समोर प्रश्नचिन्ह.
साल चौऱ्याहत्तर, खेळ तीन ते सहा,
रत्नदीप टॉकीज, ग्रँट रोडच्या पुलापाशी.
हिरोची नोंद नाही. हिरॉइनचीही.
ती काय, म्हणाले, भिंतीवर असतातच आठ फुटी.

नोशीर भरूचा रत्नदीपचा ऑपरेटर.
रीळ तुटलं की जोडताना दोन-चार चौकटी उरत,
त्या तो तपकिरीच्या डबीत साठवी
आणि रविवारी माळ्यावर येऊन
खिडकीच्या उजेडात धरी:
"बघ नी, हा तुझा वेटर.
आता हवालदार झाला. प्रमोशन."

कुंदा वायंगणकर टेलिफोन एक्सचेंजमधली.
तिला चेहरे लक्षात राहत नसत, आवाज राहत.
डोळे मिटून सिनेमा बघायची, पूर्ण तिकीट काढून.
सांगायची, तो वकील आणि हा मेलेला भिकारी
एकाच नरड्यातून बोलतात.

एक्केचाळीस वह्या झाल्या.
भांडणंही. सत्त्याऐंशी ते नव्वद
भरूचा आणि चेऊलकर बोलत नव्हते
एका पोस्टमनवरून.
भरूचा म्हणे, जुळे भाऊ आहेत.
चेऊलकर म्हणत, एकच आहे, मधल्या काळात दात पडलेत.
मी भाचा. तीन वर्षं दोघांच्या चिठ्ठ्या पोचवल्या,
म्हणजे पोस्टमनच की.

मग वाळवी लागली.
तिला बाराखडी येत असावी.
क ते भ शिवली नाही, ल पासून पुढेही नाही,
मधलं म ते र तेवढं खाल्लं.
पुठ्ठे ठेवले.
"सगळे यशवंत गेले," कुंदाताई म्हणाल्या,
"याकूब गेले, मेरी गेल्या."
पुन्हा पहिल्यापासून बघायला बसले तिघं.
रत्नदीपच्या जागी तोवर फरशांचं दुकान,
म्हणून भाड्याच्या कॅसेटी, मग चकत्या, मग माझा लॅपटॉप,
ज्यावर भरूचाचा शेरा:
रिवाइंड करताना हात दुखत नाही तो कसला सिनेमा.

टाइप करायला मी बसलो.
यंत्र विचारी: भूमिका?
मी लिहिलं: जिना उतरतो.
दुसऱ्याच्या पुढे: उतरता उतरता कापला.

गेल्या जानेवारीत गोवंडीहून एक बाई आली,
कौसल्या रणपिसे.
हातात युनियनचं कार्ड, मारुती रणपिसे, ज्युनियर आर्टिस्ट,
फोटोच्या जागी डिंकाचा डाग.
"वडलांचा एकही फोटो नाही घरात.
तुमच्याकडे सगळी नावं असतात म्हणे."
म. आणि वर र.
कुणी बोललं नाही.
भरूचा डबीचं झाकण उघडत राहिला, मिटत राहिला.
मग चेऊलकर, वय त्र्याऐंशी, भिंतीकडे बघत:
वही बत्तीस. डावं पान.
पानटपरीवरचा माणूस. कपाळावर आडवी खूण.

दोन तास शोधला. सापडला तो चार सेकंद.
पोलीस विचारतात, हा हात करून सांगतो, तिकडे गेले.
"आवाज त्याचा नाही," कुंदाताई, डोळे मिटलेले.
बाईही चेहऱ्याकडे बघत नव्हती.
"शर्ट आमचा," म्हणाली.
"खांद्यावर रफू बघा, दोऱ्याचा रंग चुकला होता.
आई उसवून नीट करणार होती, तर म्हणाले,
राहू दे, कॅमेऱ्याला कुठं दिसतंय."

सात वेळा लावायला सांगितलं.
मग तिची बस होती.

चेऊलकरांनी पट्टी ठेवून आणखी एक रेघ ओढली,
रकाना नववा.
मारुती रणपिसे. गाडी गेली ती दिशा दाखवतो.
कपडे: स्वतःचे.
आवाज: शोध चालू.