लाल खुणेचा नळ

इथे सकाळचे आठ,
पुण्याच्या मीटिंगमध्ये साडेनऊ वाजलेले.
मागे खाडी दिसू नये
म्हणून मी भिंतीला पाठ लावून बसते.

रास अल खैमातल्या या फ्लॅटला
सातबारा नाही.
कागद अरबीत, माझं नाव त्यात
उजवीकडून सुरू होतं.

पहिल्याच जूनमध्ये थंड नळाखाली हात पोळला.
खालचे कुट्टप्पन हसले,
गीझर बंद ठेवा ताई,
उन्हाळ्यात तोच आपला माठ.

तेव्हापासून गार पाण्याला
लाल खुणेचा नळ.

कोथरूडला आले की दोन दिवस
हात चुकतो.
आज भाजलाच.
आई बर्फ घेऊन आली,
म्हणाली, तुझ्या घरी उलटं असतं का गं?

तुझ्या, म्हणाली.
बर्फ वितळेपर्यंत
मी नळ बंद करायची विसरले.