पाय मोडलेलं अक्षर

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत, बर्फ फोडायच्या यंत्राच्या बरोबर वर
एक खोली. काळा पडदा, पांढरी अक्षरं.
माऊस नाही. माऊसमध्ये खारी हवा शिरते,
महिन्याभरात मरतो.
म्हणून कामांची यादी मी नुसत्या अक्षरांत बांधली:
एका ओळीत एक काम,
एका कळेत एक हुकूम.
डी म्हणजे झालं. एक्स म्हणजे पुसलं.
जे खाली, के वर.
जगभर असंच असतं, मी म्हणालो, बोटांना सवय होते.

हंसा पावसे, सोसायटीची कारकून,
मान हलवून कामाला लागली.

अकराव्या दिवशी जे एकदा जास्त दाबला गेला,
आणि डीऐवजी एक्स
(तो डीच्या पायाशीच बसलेला असतो, टपून).
डिझेलची पावती राहिली तशीच,
पुसली गेली खालची ओळ:
नझीर खलफे, बर्फ, चाळीस लाद्या.

पाचव्या दिवशी बोट आली.
तांडेल काही बोलला नाही.
टेबलासमोर एक पाटी उलटी केली फक्त,
बांगड्यांचे डोळे आत गेलेले.

सवय होईल, मी पुन्हा म्हणालो.
ती म्हणाली, "सवय तुमची झालेय.
कळ दाबली की कळायला पायजे, नायतर ती कळ कसली?"
आणि कीबोर्ड माझ्याकडे फिरवला.
प्रत्येक बटणावर चिकटवलेला कागद, कडा काळ्या,
दापोलीच्या क्लासात शिकलेली मराठी.

"तुमचा डी. माझ्याकडे काय हाय?"
हलन्त.
"म्हणजे झालेल्या कामाचा मी पाय मोडू?
पाय मोडला की अक्षर पुढच्याला धरून बसतं.
झालेलं काम सुटायला नको?"
एक्सवर अनुस्वार.
"तुम्ही म्हणता पुसा,
आणि माझं बोट टिंब देतं डोक्यावर."

रात्री खाली बर्फ फुटत होता, मी वर हुकूम फोडत होतो.

झालं, त्याला झ.
शिफ्ट धरावी लागेल, दोन बोटं लागतील, मी म्हणालो.
"लागूदेत. झालं म्हणायला जरा जड असलेलं बरं."
पुढे ढकलायला भ, भांगाचा:
पाण्याला ओढ नसते तेव्हा बघू, अशी कामं.
वर-खालीला भरती-सुकती ठेवू का?
मला फार सुचलं होतं ते.
"नको. बाण हायत ना."
पुसायला कळच ठेवली नाही.
ओळ घालवायची तर अख्खं लिहायचं, पुसा,
आणि लिहिताना विचार करायचा.

राहिलं शेवटचं: चुकून केलेलं मागे घेणं.
माझ्याकडे ते यू होतं, इंग्रजी सवयीनं.
मी बदलायला हात घातला, तिनं अडवला.
यूवरच्या कागदावर ह होता.
"हुकलं," ती म्हणाली.

सगळ्या कीबोर्डात ही एकच जागा,
जिथे आम्ही दोघं आधीपासून बसलेले.

आता ती कळांकडे बघत नाही.
खिडकीतून खाडीतल्या होड्या मोजते, बोटं चालू.
नझीरच्या ओळीपुढे मात्र अजून थांबते,
आकडा ओठांत वाचते, मग एन्टर.

ती जेवायला गेली की कधी मी बसतो तिच्या खुर्चीत,
चार पावत्या निपटतो, डी, डी, डी, डी,
आणि ती परत येऊन बघते
पडद्यावर रांगेनं
पाय मोडून पडलेलं काहीतरी.